दुसरा चढला आणि काहीच झालं नाही, म्हणून?

प्रश्न : मी काही वर्षं झाडांवर चढून छाटणी-तोडणीचं काम करतोय. गेल्या महिन्यात एका घराला खेटून असलेलं मोठं वाळलेलं झाड उतरवायचं होतं. अर्ध्यावर गेल्यावर मुख्य बेचक्यात चीर दिसली. खोडावर ठोकलं तर आवाज भद्द आला. मी खाली आलो, ‘हे माझ्याच्यानं होणार नाही’ एवढंच बोललो आणि गाडीत जाऊन बसलो. ठेकेदारानं दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला चढवलं. त्यानं संध्याकाळपर्यंत झाड उतरवलं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तेव्हापासून सगळे माझी टिंगल करतात. मी नुसताच घाबरलो का? माघार कधी घ्यायची, हे ओळखायचं कसं?
ता.क. माझ्या दोराला मध्यंतरी करवतीची साखळी घासून गेली. वरचं आवरण थोडं कापलंय, आतला गाभा शाबूत दिसतो. वापरला तर चालेल ना?
– अर्ध्यातून उतरलेला

उत्तर : घाबरला असाल. त्यात काय एवढं? चीर पडलेल्या बेचक्याखाली, पोकळ खोडाला बांधून घेतलेल्या माणसाला भीती वाटली नाही, तर मला त्याचीच काळजी वाटेल. पण तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर असं वाटलं, की तुम्हाला भीतीनं छळलेलं नाही. दुसरा चढला, त्याला काही झालं नाही, म्हणजे चूक माझीच, हा हिशोब तुम्हाला छळतोय. तो आधी निकालात काढू.

जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या दोन संशोधकांचा 1988 सालचा एक अभ्यास आहे. त्यांनी लोकांपुढे डॉक्टरांचे निर्णय ठेवले. शस्त्रक्रिया करावी की नाही, त्या वेळी हातात माहिती काय होती, धोका किती होता, सगळं सारखं. फरक फक्त शेवटात : एकीकडे रोगी बरा होतो, दुसरीकडे दगावतो. रोगी दगावला तिथं लोकांनी डॉक्टरच्या त्याच निर्णयाला वाईट ठरवलं. तुमच्या टोळीनं तुमच्याबाबत नेमकं हेच केलंय, आणि तुम्हीही त्यांच्यात सामील झालात.

चिरलेलं बेचकं पहिल्या माणसाच्या वजनानं तुटलंच पाहिजे, असा काही नियम नाही. त्या दिवशी वारा पडलेला असेल. त्या गड्यानं वरचा भार आधी हलका केला असेल, किंवा शेजारच्या झाडावर दोर बांधून काम केलं असेल. नाहीतर नशीब म्हणा. तो कसा चढला हे तुम्ही पाहिलेलंच नाही, तेव्हा त्याच्या सुखरूप उतरण्यावरून त्या झाडाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आता तुम्ही जे पाहिलं त्याकडे वळू.

झाड वाळलेलं होतं, ही पहिली गोष्ट, आणि लोक ती फार हलक्यात घेतात. ओल्या लाकडात चिवटपणा असतो. खाच घेऊन मागून कापत आलो की मधे राखलेली लाकडाची पट्टी बिजागरीसारखी वाकते आणि फांदी कुठं जाईल ते आपल्या हातात राहतं. वाळलेल्या लाकडात ही बिजागरी वाकत नाही, कडाडकन तुटते. साल सुटते, चढताना पायाला बांधलेले काटे नीट रुतत नाहीत, आणि जमिनीखाली मुळं किती कुजली आहेत ते वरून कळत नाही. ब्रिटनमध्ये ॲश नावाच्या झाडांवर 2012 मध्ये एक बुरशीजन्य रोग आढळला, तो पुढे देशभर पसरला. त्या रोगानं झाडं इतकी ठिसूळ होतात, की मुरलेल्या चढणाऱ्यांनाही तिथं सल्ला मिळतो तो असा : शक्य असेल तिथं चढू नका, यंत्रानं वर उचललेल्या पाळण्यातून काम करा.

दुसरी गोष्ट, तो भद्द आवाज. अमेरिकी शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिलं, की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती उभ्या करतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत राहतं. त्यामुळे बाहेरून गरगरीत, हिरवंगार आणि आतून ढोली, असं झाड सर्रास आढळतं. जर्मनीचे क्लाउस मॅटेक यांनी अशा पोकळ खोडांचा एक ढोबळ ठोकताळा दिला : शाबूत भिंतीची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या निदान तीन दशांश हवी. म्हणजे 60 सेंटिमीटर व्यासाच्या खोडाला सगळीकडून किमान 9 सेंटिमीटर सशक्त लाकूड. या आकड्यावर तज्ज्ञांमध्ये वादही झालेत, पण आपल्या कामासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा हिशोब बंद नळीचा आहे. नळीला चीर गेली किंवा ढोलीचं तोंड उघडं पडलं, की ताकद झपाट्यानं घसरते आणि ठोकताळा बाद होतो. शिवाय हा हिशोब झाड आपल्या पायावर उभं राहण्याचा आहे. त्याला लटकलेले तुम्ही आणि तुम्ही खाली सोडत असलेले ओंडके त्यात धरलेले नाहीत.

खोड ठोकून बघायचं ते वर गेल्यावर नव्हे, चढण्यापूर्वी. लाकडी किंवा रबरी हातोडी घ्या. बुंध्याभोवती गुडघ्याच्या उंचीवर एक फेरी, कमरेच्या उंचीवर एक, हात पुरेल तिथं एक. प्रत्येक वितीवर एक ठोका. टण, टण, टण येत असतं आणि मधेच ढब येतं. तिथं खडूनं खूण करा, पुढं चला. तिन्ही फेऱ्या झाल्या की चार पावलं मागं सरून खुणा बघा. एखादी सुटी खूण असेल तर बहुधा तिथली सालच सुटलेली आहे, ती खरवडून पुन्हा ठोका. पण खुणा एकाखाली एक लागल्या असतील, किंवा अर्ध्या घेराला वेढून गेल्या असतील, तर पोकळीचा नकाशाच तुमच्यासमोर आला. मग बुंध्याशी वाका. मुळांच्या खोबणीत अळंबी आहे का, लाकडाचा बारीक भुसा सांडलाय का, जळक्या कोळशासारखा काळा, खडबडीत पापुद्रा दिसतो का? तो पापुद्रा एका बुरशीचा असतो. तिनं पोखरलेलं लाकूड चिनी मातीसारखं काडकन मोडतं, आणि तोवर शेंडा बऱ्यापैकी हिरवा असू शकतो.

मुळं मात्र ठोकून कळत नाहीत, ती बघावी लागतात. झाड ज्या बाजूला कललंय त्याच्या विरुद्ध बाजूला उभे राहा आणि वाऱ्याच्या चार-दोन झुळका जाऊ द्या. जमिनीला ताजी भेग असेल, किंवा झुळकेसरशी माती बोटभर उचलून पुन्हा बसत असेल, तर हार्नेस (दोर अडकवायचा अंगावरचा पट्टा) पुन्हा पिशवीत भरा. त्या झाडावर कुणीच चढायचं नाही, तो दुसरा गडीसुद्धा नाही.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नुसते घाबरला नाहीत. वाळलेलं झाड, बेचक्यात चीर आणि पोकळ आवाज या तीन गोष्टी एकत्र आल्या असताना मीही उतरायलाच सांगितलं असतं.

आता माघार कधी, याबद्दल. उंचावरून पडण्याचा हिशोब साधा आहे : 10 मीटरवरून खाली यायला दीड सेकंदही लागत नाही आणि जमिनीला टेकताना वेग ताशी 50 किलोमीटर असतो. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी माणसं पुढे जातात, कारण वर पोचेपर्यंत घाम गाळलेला असतो, दोर लागलेला असतो, खाली ठेकेदार घड्याळ बघत असतो. वैमानिकांचंही असंच होतं. हवा बिघडताना दिसत असते, पण ठरलेलं विमानतळ जवळ आलेलं असतं, म्हणून ते रेटतात. म्हणून काही अटी जमिनीवर असतानाच, डोकं थंड असताना ठरवायच्या आणि वर गेल्यावर त्यांच्याशी वाद घालायचा नाही.

माझ्या अशा अटींत पहिली झाडाबद्दलची नाहीच. मला वरून काढून आणू शकेल असा माणूस खाली आहे का? दुसरा हार्नेस, दुसरा दोर घेऊन स्वतः चढू शकेल आणि हे आधी करून पाहिलेलं असेल असा माणूस. हार्नेसमध्ये बेशुद्ध होऊन, हालचाल न करता लटकलेल्या माणसाच्या जिवाला काही मिनिटांतच धोका निर्माण होतो. बाहेरची मदत येऊन शिडी लावेपर्यंत तो टिकेलच असं नाही. खाली फक्त फांद्या ओढणारा पोरगा असेल, तर झाड कितीही सोपं असो, करवत घेऊन वर जायचं नाही. या एका अटीवर तुमच्या ठेकेदाराची निम्मी कामं थांबतील, हे मला ठाऊक आहे. थांबू द्या.

दुसरी तारांची. चालू तारेला हात लागला तरच धोका, असं समजणारे पुष्कळ आहेत. ओली फांदी, ओला दोर, तुमच्या हातातली लांब काठीची करवत, कशातूनही वीज येते. अमेरिकेत तारांजवळ काम करण्याचं खास प्रशिक्षण नसलेल्या कामगारांना 50 हजार व्होल्टपर्यंतच्या तारांपासून 10 फूट, म्हणजे सुमारे 3 मीटर लांब राहावं लागतं, तारेतला दाब त्याहून जास्त असेल तर आणखी लांब. फांदी तारेवर टेकलेली असेल तर खालून बुंध्यालाही हात लावू नका. वीजपुरवठा बंद केल्याचं वीज कंपनीच्या माणसानं समोर येऊन सांगेपर्यंत ते झाड तुमचं नाही.

तिसरी अट नांगराची, म्हणजे ज्या बेचक्यावर तुमचा दोर अडकवलाय त्याची. चढण्याआधी दोघांनी मिळून दोराला लटकायचं, हलके झटके द्यायचे. तिसऱ्यानं दोराकडे न बघता वर बेचक्याकडे बघायचं, शक्यतो दुर्बिणीतून. चीर उघडमीट करते का, साल चुरडते का, शेंडा भलत्याच बाजूला झुकतो का? पण इथंच एक फसगत होते. बेचकं तुमचं वजन पेलतं, म्हणून ते कामही पेलेल असं नाही. ताज्या लाकडाचा 40 सेंटिमीटर व्यासाचा आणि फक्त एक मीटर लांबीचा ओंडका सव्वाशे किलोच्या आसपास भरतो. तो कापून सुटतो आणि दोर त्याला झेलतो, तेव्हा बसणारा झटका वजनाच्या कित्येक पट असतो. दोर कप्पीवरून वळून खाली जातो, त्यामुळे कप्पी जिथं बांधलीय तिथं दोरातल्या ताणाच्या जवळपास दुप्पट ओढ लागते. आणि कप्पी बांधलेली असते कुठं? बहुतेक वेळा तुमच्या पोटाशी असलेल्या त्याच खोडाला. अशा वेळी एकतर फार लहान तुकडे पाडायचे, नाहीतर खोड त्या कामाचं नाही असं म्हणून उतरायचं.

बाकीच्या अटी भराभर सांगतो. वीज कडाडायला लागली, वाऱ्याच्या झोतानं शेंड्याची दिशा बदलायला लागली, मधमाश्यांचं किंवा गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं (वर बांधलेल्या माणसाला पळता येत नाही), वादळात मोडून एकमेकांत अडकलेल्या फांद्यांमध्ये ताण कुठं साठलाय ते कळेना, की खाली. ताडामाडाच्या जातीतल्या काही झाडांना वाळलेल्या झावळ्यांचा दाट झगा असतो. त्याच्याखाली शिरून खालून वर कापत जाणारी माणसं, झगा एकदम घसरून अंगावर बसल्यानं गुदमरून मेलेली आहेत. तिथं चढून काम करायचंच नाही, पाळण्यातून वरून खाली करायचं.

यात एक मेख आहे, जी नव्यांना कुणी सांगत नाही. प्रत्येक क्षणी माघार सारख्याच सोप्या भावात मिळत नाही. चढताना उतरणं सोपं. पहिली खाच घेतल्यावर अवघड. मागून कापायला सुरुवात झाल्यावर तर उतरणं हाच कधी कधी मोठा धोका असतो, कारण अर्धवट कापलेला शेंडा वाऱ्याच्या पुढच्या झुळकेनं कुठंही जाऊ शकतो, आणि त्याच्या खाली आता तुम्ही दोरावरून उतरत असता. म्हणून खाच घेण्यापूर्वी थांबायचं. करवत बंद. स्वतःला झाडाशी धरून ठेवणाऱ्या दोन्ही बांधण्या तपासायच्या, कारण झाडावर चेनसॉ चालवताना एका बांधणीवर राहायचं नाही, हा जगभर मानला जाणारा नियम आहे. वारा बघायचा. खालची जागा मोकळी आहे का ते ओरडून विचारायचं आणि उत्तर ऐकायचं. मग स्वतःला विचारायचं : आत्ता उतरायचं का? पुढे हा प्रश्न विचारायची सोय राहीलच असं नाही. आणि समजा कापायला घेतल्यावर काही बिघडलं, करवत चिमटली किंवा शेंडा उलटा बसला, तर गुपचूप उतरून जेवायला जायचं नाही. पडणाऱ्या शेंड्याच्या वाटेतून आधी स्वतः बाजूला व्हायचं, खालच्यांना हाकलायचं, झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत कुणी येणार नाही असा बंदोबस्त करायचा आणि यंत्र येईपर्यंत तिथं माणूस उभा ठेवायचा.

राहिली नुसती भीती, जिला कारण सापडत नाही. तिच्यासाठी मी एवढंच करतो : कशाची भीती वाटतेय त्यावर बोट ठेवता येतं का बघतो. ही चीर, ती तार, हा दोर. बोट ठेवता आलं तर उतरतो. नाही ठेवता आलं तर घट्ट बांधून घेऊन दहा मिनिटं बसतो, पाणी पितो, पुन्हा बघतो. पुष्कळदा तेवढ्यात कारण सापडतं तरी किंवा भीती निवते तरी. दोन्ही झालं नाही आणि हात थरथरतच राहिले, तर ते थरथरणं हेच कारण समजायचं. अशा हातात साखळीची करवत नको. झोप झालेली नसली, आदल्या रात्री घरात काही बिनसलेलं असलं, तरी असं होतं. त्याचा खुलासा कुणाला द्यायची गरज नाही.

आता मला जे पटलं नाही ते. तुम्ही ‘माझ्याच्यानं होणार नाही’ म्हणालात आणि गाडीत जाऊन बसलात. चीर दिसली होती, आवाज ऐकला होता, हे कुणाला सांगितलं नाहीत. ठेकेदारानं ऐकलं ते एवढंच, की या माणसाच्यानं होत नाही. मग ज्याच्यानं होतं तो त्यानं आणला. दुसरा गडी त्या झाडावर चढला तेव्हा त्याला चिरेबद्दल माहीत होतं का? तो तुमचा स्पर्धक असेल, टिंगल करणाराही असेल. तरी तुम्हाला वरून जे दिसलं ते सांगणं तुम्ही त्याचं देणं लागत होतात.

यापुढे उतरलात की आधी फोटो दाखवा, मग बोला. ‘मुख्य बेचक्यात चीर आहे, हात जाईल एवढी. त्याच्या खाली खोड पोकळ वाजतंय. चढून होणार नाही. क्रेन किंवा पाळण्याची गाडी लागेल. ती येत नसेल तर घराकडची खोली रिकामी करायला सांगा, अंगण बंद करा, मग बघू.’ यात तुमच्याबद्दल एक अक्षर नाही, सगळं झाडाबद्दल आहे. सोबत पर्याय आहे, त्यामुळे ठेकेदाराला गिऱ्हाइकाकडे जाऊन बोलायला काहीतरी मिळतं. कधी कधी झाड हलवण्यापेक्षा झाडाखालचं हलवणं स्वस्त पडतं : बाक, गाडी, पायवाट. गिऱ्हाइकाला हे कुणी सुचवतच नाही.

हे सगळं करूनही ठेकेदार दर वेळी ‘मग दुसरा आणतो’ असंच म्हणत असेल, तर झाडागणिक पैसे घेणं बंद करून दिवसावर घ्या. झाडागणिक ठरलं की उतरण्याचा भुर्दंड तुमच्याच खिशाला बसतो, आणि मग जमिनीवर ठरवलेल्या अटी वर जाऊन पातळ होतात. दिवसावर तो तयार नसेल तर दुसरा ठेकेदार शोधा. झाडं सगळीकडे आहेत आणि नीट चढणारे कमी आहेत, तुम्हाला काम मिळेल. टिंगलीचं म्हणाल तर ती करणाऱ्यांपैकी किती जण स्वतः चढतात, ते एकदा मोजा.

दोराचं. नाही, चालणार नाही. आवरण कापलेलं असताना गाभा ‘शाबूत दिसतो’ म्हणजे गाभा उघडा पडलाय. तो घासून झिजेल, त्यात कचरा शिरेल, आणि गाठ नेमकी त्या जागेवर कधी येईल ते सांगता येत नाही. ब्रिटनमध्ये माणसाचं वजन पेलणारं चढाईचं सामान दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घेण्याचा कायदा आहे. असा दोर तिथं तपासणीच्या टेबलावरूनच बाद होईल. कापलेला भाग एका टोकाजवळ असेल आणि दोराच्या कंपनीची हरकत नसेल, तर तेवढं टोक छाटून उरलेला वापरता येतो, पण त्याची नवी लांबी दोरावर लिहून ठेवा, नाहीतर उतरताना जमिनीच्या आधीच दोर संपेल. कापलेला भाग मधे असेल तर अख्खा दोर बाद. तो ओझी बांधायला म्हणून गाडीत ठेवू नका, एखाद्या घाईच्या सकाळी कुणीतरी तोच घेऊन चढेल. हात-हातभर तुकडे करा आणि फेकून द्या.